सुपातली शेवंती

आटपाट नगर म्हणावं, तर हे काही नगर नव्हतं. आणि राजाराणी म्हणाल, तर तीही नव्हती. डोंगराच्या कुशीत पांगारवाडी नावाचं एवढंसं गाव होतं, आणि त्या गावाला होती एक भिंत. साधीसुधी भिंत नव्हे हं. लांबच लांब, चुन्यानं पांढरीशुभ्र रंगवलेली, आणि तिच्यावर गेरूच्या लाल, हळदीच्या पिवळ्या, गोकर्णीच्या निळ्या रंगात अख्खं गाव काढलेलं.

गावात मूल जन्मलं की बारशाच्या दिवशी त्याला नव्याकोऱ्या सुपात निजवायचे, कानात हळूच नाव सांगायचे, आणि मग गावचे चितारी दौलतआबा भिंतीवर त्याचं इवलंसं चित्र काढायचे. सुपासकट. डोळे मात्र काढायचे नाहीत. चैत्रातल्या जत्रेच्या सकाळी सारं गाव भिंतीपाशी जमायचं. आबा एकेका बाळाचं नाव मोठ्यानं पुकारायचे आणि काजळाचे दोन ठिपके देऊन त्याचे डोळे उघडायचे. डोळे उघडले की ते मूल गावाचं झालं. पाटलांचा मारकुटा बैल त्या भिंतीवर होता. दुधावरची साय चोरणारा बोकासुद्धा होता, मिशांसकट.

नव्हती ती फक्त ओढ्यापलीकडची माणसं. का नव्हती, असं कुणी विचारलं की गावातले लोक डोकं खाजवायचे आणि म्हणायचे, पूर्वीपासून नाहीत. पूर्वीपासून हे मोठं सोयीचं उत्तर असतं. ते दिलं की पुढे विचार करावा लागत नाही.

ओढ्यापलीकडे एका झोपडीत सोनकी राहायची. रानात पिवळीधमक सोनकी फुलते ना, तिचंच नाव आईनं हिला ठेवलं होतं. बाबा कामासाठी घाटाखाली गेलेले, ते दिवाळीलाच यायचे. आई बांबूच्या कामट्यांची सुपं विणायची. गावातलं एकही बाळ असं नव्हतं, जे तिच्या सुपात निजलं नव्हतं. पण बारशाला सूप घेऊन गेली की ते उंबऱ्याबाहेरच घेतलं जायचं, पदरात पसाभर धान्य पडायचं आणि दार लागायचं. तिला सगळे सूपवाली म्हणायचे. तिला काही नाव असेल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

थंडीच्या दिवसांत सोनकीला एक चिमुकली बहीण झाली. गुलाबी गुलाबी तळवे, काळंभोर जावळ, आणि झोपेत ओठांना आपोआप येणारं हसू. सोनकी तासन् तास तिच्याकडे बघत बसायची. आईनं तिच्यासाठी सगळ्यांत बारीक कामट्यांचं, सगळ्यांत सुंदर सूप विणलं. पण बारशाच्या आदल्या दिवशी बाळाला ताप आला, आणि ती पाखरासारखी उडून गेली. तिच्या कानात नाव सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हापासून आई बोलेनाशी झाली. ते सूप मांडीवर घ्यायची, त्यात बाळाचं ठिपक्याठिपक्यांचं झबलं ठेवायची आणि कुडाकडे तोंड करून बसायची. हळूहळू तिचे रंग उडू लागले. आधी ओठांचा गेला, मग लुगड्याचा, मग केसांचा. फाल्गुन लागला तेव्हा एका सकाळी सोनकीला आईच्या हातातून पलीकडची चूल दिसली. पोर घाबरून गेली. कुणाला सांगावं, तेही तिला कळेना, कारण ओढ्यापलीकडे त्यांची चौकशी करणारं होतं तरी कोण?

होती, एकच होती. जवळच्याच खोपटात राहणारी एक मावशी रोज वाटीभर आंबील घेऊन यायची. तिच्या अंगावर लुगडं असायचं, हातात हिरव्या बांगड्या, आणि हनुवटीवर दाढीचे बारीक खुंट. हात चांगले रुंद आणि आवाज जाडाभरडा. लग्न असो, बारसं असो, गावातले लोक दारात तिची टाळी ऐकली की तिचा आशीर्वाद घ्यायचे आणि लगेच मान फिरवायचे. ती मात्र आईच्या डोक्यावर हात ठेवून बसायची, गाणं गुणगुणत सोनकीच्या जटा झालेल्या केसांची वेणी घालायची आणि निघून जायची.

एकदा सोनकी काटक्या वेचायला रानात गेली. रानात रंगांची नुसती उधळण होती. पळस केशरी, पांगारा लालेलाल, शेंदरीच्या काटेरी बोंडांतून शेंदरी बिया डोकावत होत्या, आणि निळ्या, जांभळ्या, सोनेरी फुलपाखरांचा थवा भिरभिरत होता. एरवी सोनकी त्यांच्यामागे धावली असती. पण तिला पांगाऱ्याच्या खोडावर, कोळ्याच्या जाळ्यात काहीतरी फडफडताना दिसलं. तो एक पतंग होता. मातकट, धुरकट, पाचोळ्याचा तुकडा वाटावा असा.

सोनकीनं अलगद एकेक धागा सोडवला. मग त्याला तळहातावर घेऊन ती निरखून बघू लागली. म्हणाली, "अगंबाई, तू मातकट कुठं हायेस? ही बदामी रेघ, ही राखाडी, आन् हे इवलं इवलं डोळे पंखांवर. आईच्या विणीसारखीच वीण हाय की तुझी."

तिच्या हातावर उजेड पडला. आधी काजव्याएवढा, मग पणतीएवढा, मग सगळा पांगारा झगमगून गेला. तळहातावर अंगठ्याएवढी एक परी उभी होती. तिचे पंख तेच होते, बदामी आणि राखाडी, पण आता त्यांतून चांदीचा भुगा झरत होता.

"या रानात सगळे येतात ते फुलपाखरांमागे धावायला," परी म्हणाली. "माझ्याकडे एवढा वेळ तूच बघितलंस. माग सोनकी, काय हवं ते माग."

सोनकीनं क्षणाचाही विचार केला नाही. आईला बरं कर, म्हणाली.

परीचे पंख जरासे मिटले. "बरं करणं माझ्या हातात नाही ग. माझ्याकडे फक्त रंग आहेत. पण ज्यांच्याकडे कुणी बघत नाही ती माणसं विरत जातात, आणि कुणी नीट बघितलं तर त्यांचे रंग परत येतात. तू चित्र काढ."

तिनं सोनकीला पतंगाच्या पिसासारख्या मिशीचा एक नाजूकसा कुंचला दिला आणि रंगांनी भरलेले तीन पिटुकले शिंपले. एका शिंपल्यात एकच चित्र. आणि अटी? अटी तर असणारच. अटीशिवाय मिळालेलं वरदान कधी कुणाला पचलं आहे?

"गावाच्या भिंतीवर काढायचं," परीनं बजावलं. "ज्याचं काढशील त्याच्याकडे आधी डोळेभरून बघायचं आणि त्याचं नाव विचारायचं. मन राखायला म्हणून खोटी रेघ ओढायची नाही. जसं असेल तसं. आणि डोळे तू काढायचे नाहीस. ते गावानंच उघडायचे, कारण एकट्या तुझ्या बघण्यानं भागणार नाही. जत्रेची सकाळ सरली, की रंगांची जादूही सरली."

एवढं बोलून परी पुन्हा पतंग झाली आणि पाचोळ्यात दिसेनाशी झाली.

सोनकी धावतच भिंतीपाशी गेली. ओढ्याकडच्या टोकाला भिंत रिकामी होती; पावसाचं चिखलपाणी तिथं उडायचं, म्हणून तिथं कुणी काढत नसे. आईच्या पारदर्शक झालेल्या तोंडाकडे बघायचा सोनकीला धीर होत नव्हता. म्हणून तिनं आधी घरी जाऊन बघितलंच नाही. डोळे मिटून पूर्वीची आई आठवली आणि काढली. हिरवंगार लुगडं, केसांत अबोलीचा गजरा, गालांवर लाली, आणि हसू. काय सुंदर चित्र झालं म्हणता! पण शेवटची रेघ ओढली मात्र, आणि सगळा रंग भुरूभुरू गळून पायाशी पडला. वाऱ्याबरोबर उडूनही गेला.

सोनकीला रडूच कोसळलं. एक शिंपला वाया गेला होता. आपण आईचं चित्र काढलंच नव्हतं, आपल्याला हव्या असलेल्या आईचं काढलं होतं, हे तिला कळलं, पण कळून आता उपयोग काय?

ती घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. मावशी आंबील घेऊन आली होती आणि आईच्या कपाळावरून हात फिरवत होती. तिनं हात उचलला, आणि त्या रुंद तळहातातून सोनकीला पणतीची ज्योत दिसली. मावशीही विरत चालली होती. इतके दिवस तिच्या हातची आंबील पोटात गेली, तिनं घातलेल्या वेण्या मिरवल्या, आणि सोनकीनं तरी तिच्याकडे नीट कुठं बघितलं होतं? नावसुद्धा ठाऊक नव्हतं.

कनवटीला दोनच शिंपले उरले होते. आईचं चित्र पुन्हा बिघडलं तर? सोनकीचा हात शिंपल्यांवर घट्ट झाला. मग सैल झाला.

"मावशी," तिनं विचारलं, "तुझं नाव काय गं?"

मावशीनं वळून तिच्याकडे बघितलं. "आजवर कुनी इचारलं न्हाई बघ," ती म्हणाली. "फुलवंता. माझं मीच ठेवलंय. घरच्यांनी पोराचं नाव ठेवलं हुतं. त्ये मला कधी बसलंच न्हाई, दुसऱ्याच्या सदऱ्यावानी. मी आतून पयल्यापास्नं फुलवंताच हाय."

"छान हाय," सोनकी म्हणाली, आणि ते तिला अगदी मनापासून वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती फुलवंतामावशीला घेऊन भिंतीपाशी गेली. तिला समोर बसवून डोळेभरून बघितलं आणि काढलं. हिरव्या बांगड्या काढल्या, रुंद हात काढले, आणि हनुवटीवरचे खुंटही काढले. मावशी म्हणाली, ते तेवढं नको काढूस की गं पोरी. पण सोनकी म्हणाली, जी हनुवटी माझ्या डोक्यावर टेकवून तू गाणं म्हणतेस ती हीच आहे, मी कशाला बदलू? हातात आंबिलीची वाटी काढली. रंग भिंतीला घट्ट धरून बसला. फक्त डोळ्यांच्या जागा तेवढ्या रिकाम्या राहिल्या.

मग उरला एकच शिंपला, आणि जत्रा उद्यावर आली. आई आता इतकी फिकट झाली होती की उन्हात दिसतच नव्हती. सोनकी तिच्या पुढ्यात जाऊन बसली. आधी नजर खाली वळली, मग तिनं ती नेटानं वर आणली आणि आईकडे बघत राहिली. सुकलेले ओठ, खोल गेलेले गाल, कामट्यांनी चिरलेली बोटं, मांडीवर सूप आणि सुपात झबलं. बघता बघता सोनकीला भीती वाटेनाशी झाली. ही तिची आईच होती, दुसरी कुणी नव्हती.

"आई," ती म्हणाली, "तुझं नाव काय?"

पलीकडे ओढा वाहत होता. चुलीतलं लाकूड तडकलं. आईचे ओठ हलले.

"गिरजा," ती म्हणाली. थंडीपासून पहिला शब्द तिच्या तोंडून निघाला होता. मग सुपाकडे बघत हळूच म्हणाली, "आन् हिचं शेवंती. मनातल्या मनात ठेवलं हुतं. सोनकीची भन शेवंती. सांगायचं ऱ्हायलं."

आणि गिरजा रडली. इतके दिवस साठलेलं सगळं रडली. सोनकी तिच्या गळ्यात पडून रडली. रडून झाल्यावर सोनकीनं तिला परीची आणि शिंपल्यांची सगळी हकीकत सांगितली. आईनं तिचे हात धरले.

"येकच चित्र हाय नव्हं? मग माझं नगं काढू. तिचं काढ. ती आली हुती ह्ये कुनालाच ठावं न्हाई. मला तरी आठवतंय, पन मी गेल्यावर?"

आता काय करावं पोरीनं? आईचं काढलं तर शेवंती राहून जाते, आणि शेवंतीचं काढलं तर आई विरून जाते. उन्हं उतरल्यावर सोनकी आईला घेऊन भिंतीपाशी गेली आणि कुंचला हातात धरून उभी राहिली. आई समोर बसली होती, नेहमीसारखी, मांडीवर सूप घेऊन, दोन्ही हातांनी ते सांभाळून, जराशी झुलत. जसं असेल तसं, असं परी म्हणाली होती. सोनकीनं पुन्हा बघितलं. सुपात नुसतं झबलं होतं, हे खरं. पण आईचे हात तर बाळ धरल्यासारखेच होते. थंडीपासून आजवर एक घटकाभरसुद्धा तिनं शेवंतीला खाली ठेवलेलं नव्हतं.

मग सोनकीनं एकच चित्र काढलं. फिकट लुगड्यातली गिरजा, तिची चिरलेली बोटं, मांडीवर बारीक विणीचं सूप, आणि सुपात ठिपक्याठिपक्यांच्या झबल्यात झोपलेली, काळ्याभोर जावळाची, ओठांवर हसू असलेली शेवंती. शेवटची रेघ ओढून तिनं श्वास रोखला. वारा आला. रंग हलला नाही.

जत्रेच्या सकाळी सनई वाजू लागली. गुलाबी फेटे, जरीच्या खणांच्या चोळ्या, पोरांच्या हातांत भिंगऱ्या. दौलतआबा चुन्याची बादली आणि काजळाची वाटी घेऊन भिंतीपाशी आले, आणि सगळ्यांना ओढ्याकडच्या टोकाची चित्रं दिसली. कुजबुज झाली. पाटलीणबाईंनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं की आबा, आधी हे पुसून घ्या, मग आपलं काम सुरू करा.

आबांनी कुंचा चुन्यात बुडवला. सोनकी आई आणि फुलवंतामावशीचे हात धरून उभी होती. दोघींचे हात तिला जेमतेम लागत होते. उन्हं वर चढत होती. चुना टपटपत खाली पडला. आबा गिरजाच्या चित्राजवळ वाकले, आणि तसेच थांबले.

"ही वीण," ते म्हणाले, "मी प्रत्येक बारशाला काढतो."

त्यांनी भिंतीकडे मान वळवली. लांबच लांब भिंत, बाळंच बाळं, आणि प्रत्येक बाळाखाली सूप. प्रत्येक सुपाची हीच वीण, कडेला हीच दुहेरी पट्टी. जन्मभर आबांनी सुपं काढली होती. ती विणणारे हात कुणाचे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. पाटलांची धाकटी सून बाळाला कडेवर घेऊन पुढे आली आणि सासूला घाबरत घाबरत म्हणाली, "आत्याबाई, आपलं बाळ यांच्याच सुपात निजलं की. आन् फुलवंतामावशींनीच त्याला पयला आशीर्वाद दिला." मावशींचं नाव तिला आताच, सोनकीनं कानात सांगितल्यावर कळलं होतं. पाटलीणबाई एक पाऊल मागे सरल्या.

आबांनी बादली खाली ठेवली. काजळाची वाटी घेतली आणि त्या दोघींपुढे जाऊन उभे राहिले. "बाई," त्यांनी अदबीनं विचारलं, "तुमचं नाव काय म्हणून पुकारू?"

"फुलवंता," जाडाभरडा आवाज सगळ्या गावानं ऐकला. आबांनी नाव पुकारलं, दोन ठिपके दिले, आणि मावशीच्या बांगड्या हिरव्यागार झाल्या.

"गिरजा," आई म्हणाली. दोन ठिपके पडले. मग तिच्या ओठांत रंग आला, केस काळे झाले, लुगड्यावर डाळिंबी चढली. सोनकीच्या मुठीत तिचा हात ऊबदार आणि जड झाला, आणि सोनकीनं तो जोरात दाबून बघितला.

आबा सुपातल्या बाळापाशी आले. वाटीत बोट बुडवून थांबले. "आणि हिचे डोळे?"

"ती झोपलीय, आबा," सोनकी म्हणाली. "तिचं नाव शेवंती."

आबांनी बोट मागे घेतलं. "मग झोपू दे," ते म्हणाले, आणि एरवी डोंगराला ऐकू जाईल असं नाव पुकारणाऱ्या आबांनी भिंतीला तोंड लावून, अगदी हळूच, जसं बाळाच्या कानात सांगतात तसं, शेवंतीचं नाव सांगितलं. ते ऐकायला सारं गाव गप्प झालं होतं. सनईवाल्यानंही सनई खाली ठेवली होती.

तेवढ्यात कुठूनसा एक मातकट पतंग भिरभिरत आला. त्यानं सोनकीभोवती एक फेरी मारली आणि तो गिरजाच्या चित्राशेजारी भिंतीवर बसला. काजव्याएवढा उजेड झाला, पणतीएवढा झाला, आणि मग अख्खी भिंत सोन्याचांदीच्या भुग्यानं झगमगून निघाली. सगळ्यांनी डोळ्यांवर हात घेतले. हात काढले तेव्हा पतंग नव्हता, परी नव्हती. भिंतीवर गिरजाच्या खांद्याला टेकून एक मुलगी उभी होती. विस्कटलेली वेणी, हातात नाजूकसा कुंचला, आणि डोळ्यांच्या जागा रिकाम्या.

सगळ्यांची चित्रं काढण्याच्या नादात सोनकी स्वतःला पार विसरून गेली होती. भिंतीवर तीही नव्हतीच की.

आबांनी काजळाची वाटी गिरजापुढे धरली. चिरलेल्या बोटानं तिनं एक ठिपका दिला, मग दुसरा. आणि थंडीभर गप्प राहिलेली ती बाई साऱ्या गावासमोर, डोंगराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "सोनकी."

ही कहाणी मी सुपात घेऊन पाखडली. फोल होतं ते वाऱ्यावर उडून गेलं. दाणे उरले ते तुमच्या ओंजळीत.